कोलंबसमध्ये माणसं किती आणि कोण? इंडियानात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पुण्याहून कोलंबसला बदली झाली, की पहिले प्रश्न ठरलेले असतात. गाव केवढं आहे? आपली माणसं किती आहेत? मुलांच्या वर्गात कोण असेल? उत्तरं इंटरनेटवर मिळतात, पण एका ठिकाणी ५० हजार, दुसरीकडे ८२ हजार आणि तिसरीकडे २० लाखांच्या वर. यातलं बहुतेक खोटं नसतं. प्रत्येक आकडा वेगळ्या हद्दीचा असतो, आणि हद्द न विचारता आकडा उचलला की घोळ होतो. म्हणून या लेखात आधी हद्दी आहेत, मग तक्ते, आणि मग प्रत्यक्ष गावातले समाज.

पहिली पायरी: कोलंबस नक्की कुठलं?

अमेरिकेत कोलंबस नावाची तीन महानगर क्षेत्रं आहेत. ओहायोचं कोलंबस हे त्या राज्याची राजधानी. २०२० च्या जनगणनेत नुसत्या शहराची लोकसंख्या ९,०५,७४८ होती. जॉर्जियातल्या कोलंबसची २,०६,९२२. आपलं, म्हणजे इंडियानातलं, ५०,४७४. सर्च करताना राज्याचं नाव टाकलं नाही, तर हटकून ओहायो समोर येतं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सांकेतिक क्रमांक. प्रत्येक महानगर क्षेत्राला पाच आकडी कोड असतो: कोलंबस, इंडियाना १८०२०, कोलंबस, ओहायो १८१४०, कोलंबस, जॉर्जिया-अलाबामा १७९८०. आपलं कोलंबस ज्या बार्थोलोम्यू काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) आहे, तिचा कोड १८००५ आहे. त्यातले पहिले दोन अंक इंडियाना राज्याचे, उरलेले तीन काउंटीचे. तक्ता उतरवून घेतला की आधी हा कोड तपासा, आकडे नंतर वाचा.

हीच गल्लत विमानाच्या तिकिटातही होते. इंडियानातल्या कोलंबसला विमानतळ आहे, पण तिथे नियमित प्रवासी विमानं येत नाहीत. तिकीट इंडियानापोलिसचं काढायचं. तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. ‘कोलंबस’ असं टाइप करून काढलेलं तिकीट ओहायोला उतरवतं आणि पुढे तीन तासांहून जास्त गाडी हाकावी लागते.

दुसरी पायरी: शहर, काउंटी आणि महानगर वेगळे करा

आपल्याकडे पन्नास हजारांच्या गावाला नगरपरिषद असते, त्याला महानगर कुणी म्हणणार नाही. अमेरिकेत ‘मेट्रोपॉलिटन’ हा शब्द आकारमानाच्या थाटासाठी नाही, हिशेबासाठी आहे. निकष असा: किमान ५०,००० वस्तीचा एक सलग नागरी पट्टा हवा. तो ज्या काउंटीत आहे ती अख्खी काउंटी क्षेत्रात येते. शेजारच्या काउंटीतून निदान २५ टक्के नोकरदार कामासाठी मुख्य काउंटीत जात असतील, किंवा उलट दिशेने येत असतील, तर तीही जोडली जाते. वस्ती १०,००० ते ५०,००० असेल, तर क्षेत्र ‘मायक्रोपॉलिटन’. हद्दी ठरवण्याचं काम केंद्र सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाचं आहे. जनगणना करणारं सरकारी खातं, सेन्सस ब्युरो, त्या हद्दींप्रमाणे आकडे देतं.

कोलंबसचं महानगर क्षेत्र म्हणजे एकच काउंटी, बार्थोलोम्यू. त्यामुळे ‘मेट्रो’ आणि ‘काउंटी’ यांचे आकडे इथे एकच असतात: ८२,२०८. ही मोठी सोय आहे, मोठ्या शहरांच्या बाबतीत ती मिळत नाही. क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस मैल, आणि शहर सोडलं तर बहुतेक मका-सोयाबीनची शेतं.

याशिवाय ‘संयुक्त सांख्यिकी क्षेत्र’ नावाचं चौथं वर्तुळ आहे. कोलंबस इंडियानापोलिसच्या संयुक्त क्षेत्रात धरलेलं आहे. वर सांगितलेला २० लाखांच्या वरचा आकडा तिथून येतो. घर शोधताना किंवा शाळा बघताना त्याचा काही उपयोग नाही. टीव्हीच्या जाहिराती आणि विमानतळ यांच्यापुरता तो ठीक.

पत्त्यातला ‘कोलंबस’ हा आणखी एक फसवा प्रकार. ४७२०१ आणि ४७२०३ हे इथले दोन मुख्य झिप कोड. झिप कोड टपाल वाटण्यासाठी आखलेले असतात, त्यांना शहराच्या हद्दीशी देणंघेणं नसतं. पत्त्यावर कोलंबस लिहिलेलं घर शहराबाहेर काउंटीत असू शकतं. मग रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार, कचरा कोण उचलणार, मत कुठे द्यायचं, सगळं बदलतं. भाडेकरार करण्याआधी काउंटीच्या नकाशावर घराचा क्रमांक टाकून बघा.

तिसरी पायरी: चार जनगणना शेजारी मांडा

एका वर्षाचा आकडा गावाची उंची सांगतो, चाल सांगत नाही. वहीत असा साधा हिशेब मांडा.

१९९०: काउंटी ६३,६५७, शहर ३१,८०२.
२०००: काउंटी ७१,४३५, शहर ३९,०५९.
२०१०: काउंटी ७६,७९४, शहर ४४,०६१.
२०२०: काउंटी ८२,२०८, शहर ५०,४७४.

आता प्रत्येक वर्षी काउंटीतून शहर वजा करा. शहराबाहेर राहणारे निघतात ३१,८५५, ३२,३७६, ३२,७३३ आणि ३१,७३४. तीस वर्षांत काउंटीत साडेअठरा हजार माणसं वाढली आणि जवळपास सगळीच्या सगळी शहराच्या हद्दीत दिसतात. बाहेरची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास थबकलेली आहे. मात्र इथे लगेच ‘खेडी ओस पडली’ असं लिहू नका. शहर शेजारचे भाग हद्दीत सामावून घेतं, तेव्हा माणूस घर न बदलताही काउंटीतून शहरात जातो. दोन जनगणनांच्या मधे हद्द बदलली का, हे नकाशे ताडून पाहिल्याशिवाय असे निष्कर्ष टिकत नाहीत.

आणखी एक दशक मागे जाऊन बघण्यासारखं आहे. १९८० मध्ये काउंटीची लोकसंख्या ६५,०८८ होती, म्हणजे १९९० पर्यंत ती घटली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखानदारीला बसलेल्या फटक्याचा तो काळ. डिझेल इंजिनं आणि वाहनांचे सुटे भाग यांवर उभं असलेलं गाव मागणी पडली की माणसं गमावतं, आणि मागणी वाढली की जगभरातून बोलावतं. कोलंबसची लोकसंख्या समजून घ्यायची, तर ट्रकचा बाजार बघावा लागतो.

जनगणना दर दहा वर्षांनी १ एप्रिलला होते, पुढची २०३० मध्ये. मधल्या वर्षांसाठी ब्युरो दरवर्षी १ जुलैचे अंदाज काढतो. त्यात ‘बदलाचे घटक’ असा तक्ता असतो: जन्म वजा मृत्यू, देशांतर्गत स्थलांतर, आंतरराष्ट्रीय स्थलांतर. छोट्या क्षेत्राच्या बाबतीत सगळ्यात बोलका तक्ता हाच. देशांतर्गत रकाना उणे आणि आंतरराष्ट्रीय रकाना अधिक असेल, तर गाव कुणाच्या जिवावर वाढतंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: योग्य तक्ता काढा

जुने मार्गदर्शक ‘अमेरिकन फॅक्टफाइंडर’ वापरायला सांगतात. ते २०२० मध्ये बंद झालं. आता सगळं ‘डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह’ वर आहे. काम असं करा:

१. शोधपट्टीत तक्त्याचा क्रमांक टाका. विषय टाकलात तर शेकडो तक्ते येतील.
२. भूभाग निवडताना ‘काउंटी’, मग ‘इंडियाना’, मग ‘बार्थोलोम्यू’.
३. वर्ष आणि सर्वेक्षणाचा प्रकार तपासा. ‘एक वर्ष’ आणि ‘पाच वर्षं’ यांतला फरक पुढे येतोच.
४. तक्ता उतरवताना चुकीची मर्यादा (‘मार्जिन ऑफ एरर’, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते) दाखवणारा रकाना लपवू नका.

उपयोगी क्रमांक हे: एकूण लोकसंख्या बी ०१००३, वय आणि लिंग एस ०१०१, वंश बी ०२००१, आशियाई गटांची फोड बी ०२०१५, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे) आणि वंश एकत्र बी ०३००२, परदेशात जन्मलेल्यांचा जन्मदेश बी ०५००६, घरात बोलली जाणारी भाषा बी १६००१ किंवा सी १६००१.

यातले बरेच तक्ते ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’मधून येतात. दरवर्षी देशभरातल्या सुमारे ३५ लाख पत्त्यांवर तो जातो. भाषेचा प्रश्न दहा वर्षांच्या जनगणनेत नसतोच, फक्त या सर्वेक्षणात असतो. एका वर्षाचे नेहमीचे तक्ते ६५,००० आणि त्याहून जास्त वस्तीच्या भूभागांसाठीच निघतात. बार्थोलोम्यू काउंटी त्यात बसते, कोलंबस शहर बसत नाही. शहरासाठी पाच वर्षांची सरासरी घ्यावी लागते. काउंटीचा एका वर्षाचा आकडा आणि शहराचा पाच वर्षांचा आकडा एकमेकांतून वजा करणं ही इथली नेहमीची चूक. दोन्ही पाच वर्षांचेच घ्या.

वंशाच्या तक्त्यातही एक गोम आहे. हिस्पॅनिक असणं हा अमेरिकी मोजणीत वंश नाही, वेगळा प्रश्न आहे. गोरा, कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक अशी बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते, कारण तोच माणूस दोनदा मोजला जातो. २०१० मध्ये कोलंबस शहरात आशियाई ५.६ टक्के आणि हिस्पॅनिक ५.८ टक्के होते. हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. बेरीज हवी असेल तर बी ०३००२ वापरा, तो दोन्ही एकत्र फोडून देतो. २०२४ मध्ये सरकारने नवं मानक ठरवलं, त्यात दोन्ही प्रश्न एकत्र होणार आहेत आणि पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा रकाना येणार आहे. त्यानंतर जुन्या-नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही.

पाचवी पायरी: मराठी माणूस तक्त्यात कुठे दडतो

एक चौकोनी कुटुंब घ्या. नवरा-बायको पुण्यात जन्मलेले, आठ वर्षांची मुलगीही पुण्यातली, तीन वर्षांचा मुलगा कोलंबसच्या रुग्णालयात जन्मलेला. जन्मदेशाच्या तक्त्यात ‘भारत’ या ओळीत हे कुटुंब तीन माणसांचं. वंशाच्या तक्त्यात ‘एशियन इंडियन’ म्हणून चार. भाषेचा प्रश्न पाच वर्षं आणि त्यावरच्यांनाच विचारतात, म्हणून मुलगा त्यात नाही, परत तीन. आणि मुलगी घरी फक्त इंग्रजीच बोलते असं आई-बाबांनी लिहिलं, तर दोन. कुटुंब एक, आकडे तीन, आणि तिन्ही बरोबर. ‘कोलंबसमध्ये भारतीय किती?’ असं कुणी विचारलं, तर आधी उलट विचारायचं: जन्माने, वंशाने की भाषेने? कुवेत किंवा दुबईत जन्मलेला मराठी माणूस तर जन्मदेशाच्या ओळीत भारताच्या खाली येतच नाही.

भाषेची गोष्ट आणखी मजेशीर. सविस्तर तक्ता बी १६००१ मध्ये हिंदी, गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळी आहेत. मराठी मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ अशा एका ओळीत बसवलेली आहे. म्हणजे तिथला आकडा पूर्ण मराठी कधीच नसतो. हा तक्ता छोट्या भूभागांसाठी मिळत नाही. तुमचा भूभाग यादीत नसेल, तर सी १६००१ या आटोपशीर तक्त्यावर यावं लागतं, आणि तिथे मराठी, हिंदी, गुजराती सगळ्या ‘इतर इंडो-युरोपीय’ नावाच्या गाठोड्यात जातात. तेलुगू, तमिळ, कन्नड त्यांच्यासोबत नसतात. त्या ‘इतर आशियाई आणि पॅसिफिक बेटांच्या भाषा’ या दुसऱ्या गाठोड्यात सापडतात. भारतीय समाज असा दोन ओळींत विभागला जातो, आणि एकच ओळ बघणाऱ्याला तो निम्माच दिसतो.

‘अमुक इतके मराठी भाषक कोलंबसमध्ये आहेत’ असा नेमका आकडा कुणी दिला, तर तो कुठून आला हे विचारा. ब्युरो वैयक्तिक नोंदींचा नमुना संशोधकांना देतो, त्यात मराठीला वेगळा संकेत आहे. पण त्या नमुन्यातला सगळ्यात लहान भूभागही किमान एक लाख वस्तीचा असतो. बार्थोलोम्यू काउंटी ८२ हजारांची, त्यामुळे ती शेजारच्या काउंटीसकटच मिळते. निव्वळ कोलंबसचा मराठी आकडा त्यातून निघत नाही.

भारतीय वंशाच्या एकूण माणसांसाठी मात्र चांगली सोय आहे. २०२० च्या जनगणनेतून ‘डिटेल्ड डीएचसी-ए’ नावाची माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नमुन्यावर नाही, पूर्ण मोजणीवर बेतलेली आहे आणि काउंटीनिहाय ‘एशियन इंडियन’ आकडा देते. त्यात ‘फक्त’ आणि ‘फक्त किंवा मिश्र’ असे दोन रकाने असतात; मिश्र विवाहांतली मुलं दुसऱ्यात येतात. एवढं मात्र ध्यानात ठेवा, की लोकांची ओळख झाकण्यासाठी २०२० च्या आकड्यांत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळलेला आहे. काउंटीच्या पातळीवर तो जाणवत नाही. एका गल्लीचा किंवा ब्लॉकचा आकडा काढायला जाल, तर रिकाम्या घरात माणसं आणि माणसांच्या घरात शून्य असं काहीबाही दिसू शकतं.

सहावी पायरी: चुकीची मर्यादा वापरा, नुसती बघू नका

समजा तक्त्यात एखाद्या गटाचा आकडा ९०० आणि शेजारी अधिक-उणे ३५० असं लिहिलं आहे. हे आकडे उदाहरणापुरते. याचा अर्थ खरी संख्या ५५० ते १,२५० यांच्या मधे असण्याची शक्यता ९० टक्के. आता ३५० ला १.६४५ ने भागा (९० टक्के शक्यतेसाठी ब्युरो हाच गुणक वापरतो), येतात सुमारे २१३. त्याला ९०० ने भागलं की ०.२४, म्हणजे २४ टक्के. आमचा ठोकताळा असा: १५ टक्क्यांच्या आत असेल तर आकडा बिनधास्त वापरा, १५ ते ३० असेल तर ‘सुमारे’ म्हणून वापरा, त्यावर गेला तर गट मोठा करा. मराठीऐवजी भारतीय, भारतीयऐवजी आशियाई.

वाढ झाली की घट, हे सांगताना पाच वर्षांच्या दोन सरासऱ्या एकमेकांवर चढलेल्या नसाव्यात. २०१०-१४ आणि २०१५-१९ चालतील. २०१५-१९ आणि २०१८-२२ चालणार नाहीत. दोन वर्षं दोन्हींकडे सारखीच आहेत. २०२० चा एका वर्षाचा सर्व्हे साथीमुळे प्रायोगिक म्हणून निघाला होता, तोही तुलनेसाठी टाळा.

सातवी पायरी: तक्त्याबाहेर पडून गाव बघा

गावाची स्थापना १८२१ ची. सुरुवातीला जनरल जॉन टिप्टन यांच्या नावावरून ‘टिप्टोना’ हे नाव होतं. ते महिना-दोन महिनेही टिकलं नाही. लोकसंख्येच्या अभ्यासकांसाठी एक गंमत: १९०० च्या जनगणनेत सबंध अमेरिकेच्या लोकसंख्येचा मध्यबिंदू कोलंबसच्या आग्नेयेला सहा मैलांवर पडला होता. देश पश्चिमेकडे सरकत गेला, आणि २०२० मध्ये तो बिंदू मिसुरीत हार्टव्हिलजवळ पोचला.

जुने थर आधी ओळखा, कारण रस्त्यांची आणि शाळांची नावं तिथूनच येतात. काउंटीच्या ईशान्येला सुमारे दोन हजार वस्तीचं होप हे गाव आहे. १८३० मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या सेलमहून आलेल्या मोरावियन पंथाच्या लोकांनी ते वसवलं. त्यांचा म्होरक्या मार्टिन हाउझर, म्हणून तिथल्या हायस्कूलचं नाव हाउझर. दक्षिणेकडे व्हाइट क्रीकच्या बाजूला जर्मन ल्युथरन शेतकरी. पुढे कारखाने वाढले तशी केंटकीकडची डोंगराळ भागातली माणसं कामाला आली. वॉशिंग्टन स्ट्रीटवर ‘झहाराकोस’ नावाचं आइस्क्रीमचं दुकान आहे, १९०० मध्ये ग्रीक भावांनी काढलेलं. संगमरवरी कट्टा, ऑनिक्स दगडाचे सोड्याचे नळ आणि भिंतीला उभं प्रचंड स्वयंचलित वाद्य. स्थलांतरितांचा धंदा गावाचं प्रतीक कसा होतो, हे बघायला तिथे एक सोडा प्यायला हरकत नाही.

डिझेल इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स या मेकॅनिकने काढली. पैसा होता बँकवाले डब्ल्यू. जी. आयर्विन यांचा. पुढे जे. आयर्विन मिलर यांनी ती मोठी केली, आणि गावही. चांगला वास्तुकार नेमलात तर त्याची फी कंपनीचं फाउंडेशन देईल, अशी योजना पन्नासच्या दशकात सुरू झाली. त्यातून एलियट नॉयस, रॉबर्ट व्हेंच्युरी, हॅरी वीझ यांच्या शाळा आणि अग्निशमन केंद्रं उभी राहिली. आय. एम. पेई यांनी बांधलेलं सार्वजनिक वाचनालय १९६९ चं. समोर हेन्री मूरची प्रचंड कमान. बाहेरून इंजिनिअर यावेत आणि टिकावेत, तर गावच्या शाळा आणि इमारती तोडीस तोड हव्यात, हा हिशेब त्यामागे होता. नव्याने आलेल्यांनी या वाचनालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढावं. पत्त्याचा पुरावा लागतो.

महाराष्ट्राशी धागा जुळतो तो १९६२ मध्ये. पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. कर्वेनगरचं कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ चं. पुणे-कोलंबस ही ये-जा त्यामुळे नवी नाही. ऑफिसात कोथरूड, बालेवाडी, फलटण ही नावं हूझियर लोकांच्याही तोंडी असतात. हूझियर म्हणजे इंडियानाचा रहिवासी. हा शब्द कळला नाही तर स्थानिक वर्तमानपत्राचं निम्मं पान डोक्यावरून जातं.

जपानी समाजाचं कारणही कारखानेच. टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना इथे १९९० पासून आहे, सुट्या भागांच्या इतर जपानी कंपन्याही आहेत. गावाची भगिनी शहरं बघितली तर नोकऱ्यांचा नकाशाच दिसतो: जपानमधलं मियोशी, जर्मनीतलं लोहने, चीनमधलं शियांगयांग. शेवटच्यात कमिन्सचा भागीदारीतला इंजिन कारखाना आहे. स्पॅनिश बोलणारा समाज मात्र एका कंपनीशी बांधलेला नाही. बांधकाम, शेती, उपाहारगृहं, कारखाने अशा सगळ्या कामांत तो पसरलेला आहे. त्याच्यासाठी ‘सू कासा’ ही संस्था भाषांतर, कागदपत्रं आणि आरोग्याच्या बाबतीत मदत करते.

निरनिराळ्या देशांच्या समाजांना एकत्र आणणारी छत्रसंस्था ‘कॅमिओ’, म्हणजे कोलंबस एरिया मल्टी-एथ्निक ऑर्गनायझेशन. ऑक्टोबरात गावात ‘एथ्निक एक्स्पो’ भरतो. ज्या देशांचे ठेले असतात त्यांची यादी म्हणजे गावाची अनौपचारिक जनगणनाच. रांगा कुठे लागतात तेही बघा, तक्त्यात ते येत नाही.

काही माणसं तक्त्यात दिसतात पण गावात नसतात, काही उलट. सप्टेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात शेजारच्या कॅम्प अ‍ॅटरबरी या लष्करी तळावर सात हजारांहून जास्त अफगाण निर्वासित राहून गेले. एप्रिल २०२० च्या जनगणनेत त्यांचा मागमूस असणं शक्यच नव्हतं. रोजचं उदाहरण हवं असेल, तर सकाळी आंतरराज्य मार्ग ६५ च्या ६८ क्रमांकाच्या एक्झिटवर उभं राहा. जॅक्सन, जेनिंग्ज, ब्राउन, जॉन्सन या काउंटीतून कामावर येणाऱ्या गाड्या दिसतील. सेन्सस ब्युरोच्या ‘ऑन द मॅप’ या साधनात बार्थोलोम्यू निवडून ‘आत येणारे-बाहेर जाणारे’ हा अहवाल काढा. दिवसाचं कोलंबस आणि रात्रीचं कोलंबस यांतला फरक कळेल, आणि घराची भाडी का चढतात तेही.

आठवी पायरी: शाळा

मुलं असतील तर सगळ्यात ताजा आकडा शाळांचा. राज्याचं शिक्षण खातं शाळानिहाय पटसंख्या, वंश आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी देतं. इथे शाळांच्या जिल्ह्याला ‘स्कूल कॉर्पोरेशन’ म्हणतात. महापालिका नव्हे आणि कंपनीही नव्हे. काउंटीत दोन आहेत: कोलंबससह बहुतेक भाग बार्थोलोम्यू कन्सॉलिडेटेडकडे, होपकडचा भाग फ्लॅट रॉक-हॉक्रीककडे. घर कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं, हे घरमालकाला विचारू नका, कॉर्पोरेशनकडे पत्ता देऊन विचारा. राज्याचे इतर आकडे ‘स्टॅट्स इंडियाना’ या इंडियाना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर काउंटीनिहाय मांडलेले मिळतात. सेन्ससच्या तक्त्यांनी डोकं गरगरलं तर तिथून सुरुवात करा.

नववी पायरी: तुमच्या दारी फॉर्म आला तर

सर्वेक्षणाचा लिफाफा जाहिरात समजून फेकू नका. उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि व्हिसा कुठलाही असो, मोजणी सगळ्यांची होते. एच-१बी, एल-१, विद्यार्थी, अवलंबून असलेली कुटुंबं, सगळेच. माहिती दुसऱ्या खात्याकडे जात नाही. दहा वर्षांच्या जनगणनेच्या वैयक्तिक नोंदी ७२ वर्षं बंद राहतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा. दहा वर्षांच्या जनगणनेत ते धरायचे नाहीत, कारण पाहुणे म्हणून आलेल्या परदेशी नागरिकांचं नेहमीचं घर इथे नसतं. कम्युनिटी सर्व्हेचा नियम वेगळा: त्या पत्त्यावर दोन महिन्यांहून जास्त काळ राहत असलेला माणूस धरायचा. म्हणजे जूनमध्ये आलेली आणि डिसेंबरात परतणारी आजी या सर्व्हेत कोलंबसची रहिवासी, आणि फॉर्म भरताना तिचं वय, जन्मस्थान, भाषा सगळं लिहायचं. ‘ती तर फिरायला आली आहे’ म्हणून घरोघरी हेच नाव गाळलं जातं.

वंशाच्या प्रश्नात ‘एशियन इंडियन’ हा चौकोन आहे. त्याच्या जवळपासच ‘अमेरिकन इंडियन’ आहे, तो इथल्या मूळ निवासी जमातींचा. घाईत खूण तिकडे पडते. भाषेच्या प्रश्नात ‘घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का’ याला ‘हो’ म्हणा, आणि पुढच्या रिकाम्या ओळीत ‘मराठी’ असं रोमन अक्षरांत पूर्ण लिहा. ‘इंडियन’ लिहिलंत तर कुठली भाषा ते कुणालाच कळत नाही. ‘हिंदी’ लिहिलंत तर तुम्ही हिंदीच्या ओळीत जाता. प्रत्येक माणसासाठी हा प्रश्न वेगळा असतो, त्यामुळे आजीसाठीही तो लिहायचा राहिला नाही ना, ते लिफाफा चिकटवण्याआधी बघा.